‘उभारल्या’च्या कांबळेबाई

शोकसभेत तिघं बोलले आणि तिघांनीही कांबळेबाईंना मनमिळाऊ म्हटलं. ज्या शाळेनं त्यांना उचलून मलकापूरच्या शाखेत टाकलं होतं, त्याच शाळेच्या सभागृहात, हार घातलेल्या फोटोसमोर. मी मागं बसले होते. माझे कान तापले.

कांबळेबाई मनमिळाऊ नव्हत्या. त्या भांडायच्या. एसटीच्या कंडक्टरशी, मुख्याध्यापिकांशी, रेशन दुकानदाराशी, आणि आवाज असा की तालमीतल्या वस्तादानं दचकावं. गेलेल्या माणसाला पाकात घोळवून गोड करायची आपल्याकडं खोड आहे. जिवंतपणी ज्यांचा त्रास झाला, ते मेल्यावर प्रेमळ होतात. म्हणून हे लिहायला बसले. बाई जशा होत्या तशा कुठंतरी राहाव्यात, एवढंच.

आमच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी.च्या बाई. उंच, काटक, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली कुणी ऐकली नाही. “शिट्टी मारून जनावरं वळवत्यात,” म्हणायच्या. “तुमास्नी कान हायत.” शिकलेल्या होत्या, पुस्तकी मराठी उत्तम लिहायच्या, पण बोलायच्या कोल्हापूरलगतच्या आपल्या उचगावची. मुद्दाम.

आठवीतला त्यांचा पहिला तास मला लख्ख आठवतो. आम्ही पन्नासभर पोरी मैदानावर. बाई म्हणाल्या, “आज काय खेळायचं न्हाय, पळायचं न्हाय. नुसतं उभारायचं.”

आमच्याकडं माणूस उभा राहत नाही, उभारतो. बसस्टँडवर उभारतो, दारात उभारतो. तर आम्ही उभारलो. पाच मिनिटांत पोरी खुसफुसायला लागल्या, दहा मिनिटांत एकमेकींवर रेलायला. बाई मागनं फिरत होत्या. माझ्यामागं थांबल्या.

“वजन कुठं हाय तुझं?”

मी घाबरून म्हणाले, “अडतीस किलो, बाई.”

सगळं मैदान हसलं. बाई हसल्या नाहीत. “ते न्हाय गं सुमे. कुठल्या पायावर हाय?”

मी खाली बघितलं. खरंच, सगळा भार डाव्या पायावर होता आणि उजवा नुसता ठेवलेला. तेरा वर्षं त्या पायांवर वावरत होते आणि मला माहीत नव्हतं.

त्याच्या दोन-तीन वर्षं आधी शिक्षण खात्यानं बाईंना बडोद्याला एका शिबिराला धाडलं होतं. तिथं परदेशातून आलेली एक नृत्यशिक्षिका होती. तिनं पहिला आठवडा फक्त चालायला लावलं. चालायचं, थांबायचं, वळायचं. बाकीचे शिक्षक कंटाळून गावात फिरायला जायचे. “मला मात्र वाटलं, आगं, हे तर मला येतंय,” बाई सांगायच्या. “उचगावात नळाला उभारूनच तर मी मोठी झालो.” आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी झालो, मी आलो’ म्हणतात, हे परगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवते.

परत आल्यावर त्यांना नाद लागला. बायका कशा उभारतात ते बघायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हा दोघी-तिघींना घेऊन रेशन दुकानासमोर जायच्या. “ती म्हातारी बघ. पिशवी खाली ठेवली न्हाय, पण वजन उतरवलंय. खांद्यातनं, बघ. आनि ती मागची पोरगी. कडेवर ल्योक हाय, सगळी एका बाजूला कललीया, पण पडंल का? कुणी शिकिवलं तिला?” आम्हाला तेव्हा लाज वाटायची. लोक बघायचे. बाई लोकांकडं बघायच्या, मग लोक नजर फिरवायचे.

यातनं ‘उभारल्या’ झालं. सात बायका, पस्तीस मिनिटं. गाणं नाही, वाजवणं नाही, घुंगरू नाही, चेहऱ्यावर हावभाव नाही. जिचे जे रोजचे कपडे तेच अंगावर. सातजणी ओळीत येतात, थांबतात, एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेतात. एक खाली बसते, उठते. एक मागं वळून बघते. हातात काही नसताना काहीतरी खाली ठेवतात आणि परत उचलतात. ओळ पावला-पावलानं पुढं सरकते. बस, इतकंच. पण त्यातलं एकेक पाऊल बाईंनी चौकटीच्या वहीत काढून ठेवलं होतं. गणिताच्या वह्या. प्रत्येक चौकटीत पायाचे ठसे, भार असलेला पाय पेन्सिलीनं भरलेला, नसलेला रिकामा. अशा पाच वह्या भरल्या.

सातजणींत शाळेच्या शिपाई हौसाक्का होत्या, शिवण शिकवणाऱ्या पद्माक्का होत्या, शिरोळच्या जैन शेतकरी घरातल्या, त्यांच्या बोलण्यात अधूनमधून कानडी यायचं. दोघी शिक्षिका, दोन अकरावीतल्या मुली आणि दहावीतली मी.

बाईंच्या घरातला विरोध मला पुष्कळ उशिरा कळला. त्यांचे वडील आबा आणि चुलते तरुणपणी गावच्या जत्रेत हलगी वाजवायचे. वाजवायचे म्हणजे वाजवावंच लागायचं. बौद्ध झाल्यावर दोघांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. लेक नाच बसवतेय म्हटल्यावर आबांनी जेवण सोडलं. “कुणाच्या दारात वाजवायचं न्हाय, नाचायचं न्हाय म्हणून आपण बाहेर पडलो. आनि मास्तरीण हून तू परत तिथंच निघालीस?”

बाई म्हणाल्या, “आबा, मी कुणाच्या दारात नाचत न्हाय. कुणाला रिझवत न्हाय. बायका नुसत्या उभारत्यात, आनि लोकांनी ते गप बसून बघायचं हाय.”

आबा उठून बाहेर गेले. वर्षभर बोलले नाहीत.

इकडं आमच्या घरात काय चाललं होतं तेही सांगते, कारण ते झाकलं तर मी त्या शोकसभेतल्या वक्त्यांसारखीच. माझे वडील म्हणायचे, “त्यांच्यात चालत असंल असलं. आपल्या पोरीनं कशाला?” ज्या घरानं स्वाभिमानासाठी नाचणं-वाजवणं सोडलं, त्यांच्याबद्दल हे वाक्य. मी तेव्हा ऐकून घेतलं. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

गॅदरिंगच्या दिवशी आमच्या आधी नववीच्या मुलींची लावणी झाली. पाहुण्यांनी माना डोलावल्या, मागनं शिट्ट्या आल्या, वन्स मोअर झाला. पंधरा वर्षांच्या पोरी, कमरेला पट्टे, ओठ रंगवलेले. कुणाची संस्कृती बुडाली नाही. मग आम्ही सातजणी आलो आणि उभारलो.

पहिली दोन-तीन मिनिटं शांतता. मग हशा. मग “ओ बाई, टेप अडकली काय?” मग “नाचा की!” प्रमुख पाहुणे दहाव्या मिनिटाला उठले. खुर्च्या वाजायला लागल्या. मला आजही कळत नाही, बाई हलली तर चालते आणि थांबली की माणसं इतकी का चिडतात? आम्ही कुणाला काही बोलत नव्हतो, मागत नव्हतो. नुसत्या उभारलो होतो आणि सभागृहातले बाप्ये खवळले होते.

विंगेतून माझे वडील रंगमंचावर आले. माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर नेलं. जाता जाता मी मागं बघितलं. सहाजणी तिथंच होत्या. माझी जागा मोकळी. मला वाटलं होतं, सरकतील, भरून काढतील. नाही. बाई विंगेतनं ओरडल्या, “जागा सोडा तिची!” आणि पुढची वीस मिनिटं ती ओळ तशीच, मधे एका माणसाचं भोक घेऊन सरकत राहिली.

शेवटाचं मला पद्माक्कांनी सांगितलं. सभागृह निम्मं रिकामं झालेलं. मागच्या भिंतीला एक म्हातारा. सगळे हसत होते तेव्हा तो खुर्चीतून उठला होता, आणि खेळ संपेपर्यंत हात बांधून तसाच उभारला होता. आबा होते ते.

बाईंना मेमो मिळाला. ‘संस्थेच्या लौकिकास बाधा’. जूनमध्ये बदली. रोज पहाटे उठून रत्नागिरी रोडची एसटी, रोज संध्याकाळी परत. अकरा वर्षं. त्या संस्थेनं परवा त्यांच्या फोटोला हार घातला.

मधली वर्षं सोडून देते. माझं लग्न झालं, शिक्षण झालं, राजारामपुरीत औषधाचं दुकान टाकलं. बाई निवृत्त होऊन उचगावात भावाच्या घराशेजारी राहायला लागल्या. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या. त्या दिवसाविषयी मी कधी बोलले नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून निनादसर आले. नृत्यातले जाणते, बारीक चष्मा, खादीचा कुर्ता, बोलणं मऊ. पद्माक्कांच्या भाचीकडनं त्यांना ‘उभारल्या’चं कळलं होतं. माझ्या दुकानातून पत्ता घेऊन ते बाईंकडं गेले, मीही गेले. त्यांनी बाईंच्या पायाला हात लावला. वह्या बघून त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं असं मला अजून वाटतं. “बाई, तुम्ही काळाच्या किती पुढं होतात!”

बाई लाजल्या. मी त्यांना लाजलेलं त्या वेळी एकदाच बघितलं. “परत हुईल का हो हे?” त्यांनी विचारलं.

“होणारच. वह्या स्कॅन करून आठ दिवसांत परत पाठवतो.”

आठ दिवसांचे आठ महिने झाले. वह्या आल्या नाहीत, कार्यक्रमाची पत्रिका आली. नाव: ‘तिष्ठा’. संकल्पना, संशोधन आणि पुनर्रचना: निनादसर. तळाला बारीक अक्षरात, ‘कोल्हापूर परिसरातील एका शिक्षिकेच्या टिपणांवर आधारित’.

बाईंनी माझ्या दुकानातून त्यांना फोन लावला. मी स्पीकर चालू केला.

“नाव का बदललं हो?”

“बाई, ‘उभारल्या’ हा शब्द जरा अशुद्ध आहे. म्हणजे, उभारणं म्हणजे बांधणं. इमारत उभारतात. प्रेक्षकांचा गोंधळ होईल.”

“आमच्याकडं बाई उभारती,” बाई म्हणाल्या. “इमारत बांधत्यात.”

पलीकडं निनादसर हसले. कौतुकानं. “किती सुंदर बोलता तुम्ही! हे मी कार्यक्रमात वापरू का?”

“माझं नाव वापरा की.”

“ते आपण बघू,” ते म्हणाले आणि त्यांना दुसरा फोन आला.

कोल्हापुरातला प्रयोग मोठ्या नाट्यगृहात झाला. बाईंना पहिल्या रांगेत बसवलं, दीप लावायला. पडदा उघडला. सात नव्हे, सहा मुली. सगळ्या एका मापाच्या, राखाडी रेशमी कपडे, मागं तानपुरा, वरून निळा उजेड. सुरेख दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. पण कुणाच्याच अंगावर भार नव्हता. बाई माझ्या कानात म्हणाल्या, “ह्या फोटोला उभारल्यात.” त्यांच्या मानानं ती कुजबुज होती. तीन रांगांनी ऐकली.

प्रयोगानंतर निनादसर माईकवर आले. ओळीत पाचवीनंतर एक जागा मोकळी होती, त्यावर ते बोलायला लागले. वहीत ही मोकळी चौकट कशी सापडली, ते शून्य कसं आहे, स्त्रीच्या अनुपस्थितीचं ते कसं प्रतीक आहे.

बाई ताडकन उठल्या. “शून्य कसलं? ही सुमी हाय ती! हिच्या बानं हिला ओढून नेलती, म्हणून पुसली मी ती चौकट!” आणि त्यांनी सगळ्या नाट्यगृहासमोर माझ्याकडं बोट केलं.

लोक हसले. टाळ्या पडल्या. मी खुर्चीत खाली खाली सरकले. निनादसर शाल घेऊन पुढं झाले. बाईंनी हात आडवा केला. “शाल नको. माझ्या वह्या द्या. आनि नाव दुरुस्त करा.”

आणखी जोरात टाळ्या. निनादसर माईकमध्ये म्हणाले, “हाच तो कोल्हापूरचा रांगडेपणा! याच मातीतून ‘तिष्ठा’ आली!”

रांगडेपणा. एक बाई तिची वस्तू परत मागतेय, चोरी झालीय म्हणून सांगतेय, आणि आपण त्याला रांगडेपणा म्हणून टाळ्या वाजवतो. संताप निनादसरांचा येतो, पण त्याहून जास्त त्या टाळ्यांचा. आपल्याच गावच्या टाळ्या होत्या. आणि लिहायचंच तर पूर्ण लिहिते, त्यातल्या दोन-चार माझ्याही होत्या. हात आपोआप वाजले.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. मला वाटलं, बोलतील. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, “मंगळवारपास्नं चार वाजता उचगावला ये. विहारात. ‘उभारल्या’ करायचं हाय.”

“बाई, माझं दुकान हाय. पन्नाशी आली माझी. आनि वह्या कुठं हायत?”

“वह्या त्यांच्याकडं हायत. मला पाठ हाय,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्यांना खरंच सगळं पाठ होतं. एकेक पाऊल. हौसाक्का वारल्या होत्या, त्यांची सून आली. फौंड्रीत कामाला जाणाऱ्या तिघी आल्या, सकाळची शिफ्ट संपवून, हातांना साच्याच्या काळ्या वाळूचा वास असलेल्या. बाईंची भाची आली, दोन महिन्यांचं बाळंतपण उरकून. पद्माक्का शिरोळहून दोन बस बदलून यायच्या, गुडघ्याला पट्टा बांधून. “बाई, मला खाली बसता येत न्हाई आता.” बाई म्हणाल्या, “मग बसू नका. बसायला गेलीसा आनि जमलं न्हाय, तेवढंच करा.” ते त्या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात खरं ठिकाण झालं.

पहिल्याच दिवशी ओळ लावताना मी पाचवीच्या पुढं जागा सोडली आणि टोकाला जाऊन थांबले.

“तिकडं कुठं?” बाई.

“मोकळी ठेवायची न्हवं ती?”

“का? तू आलीस न्हवं?”

मी जाऊन उभारले. बाई पुढच्या पावलाकडं वळल्या. आमच्या दोघींत त्या दिवसाबद्दल एवढंच बोलणं झालं.

काही आठवड्यांनी एका रविवारी सकाळी विहारासमोरच्या अंगणात प्रयोग झाला. साठ-सत्तर माणसं, बहुतेक बायका. कुठूनतरी कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, एक तान्हं रडत होतं, बाईंच्या भाचीचंच. कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं मला दिसलं, समोर उभारलेल्या बायकाही एका पायावरनं दुसऱ्या पायावर जात होत्या, आमच्याबरोबर. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “आगं बया, ही तर मीच की!” बाई कडेला होत्या, कमरेवर हात ठेवून, कुणी चुकतंय का बघत.

आम्ही पत्रिका सगळ्या वर्तमानपत्रांना दिली होती. कुणी ओळ छापली नाही. त्याच महिन्यात ‘तिष्ठा’ला पुरस्कार मिळाल्याचं मात्र आलं, निनादसरांच्या मोठ्या फोटोसकट.

पुढच्या हिवाळ्यात बाई आणि मी वह्या आणायला पुण्याला गेलो. निनादसर परदेशात होते. त्यांच्या संस्थेत ‘तिष्ठा’चं प्रदर्शन लागलं होतं, गुळगुळीत फरशीचं मोठं दालन. मधे काचेच्या पेटीत त्या पाच वह्या. खाली पाटी: ‘पदन्यासाची टिपणे. लेखक अज्ञात.’

बाई काचेवर वाकल्या. बराच वेळ आपलं अक्षर वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “उलटी ठेवलीया.” खरंच, मधली वही उलटी उघडली होती, सगळे पाय वर. इतके लोक येऊन बघून गेले आणि एकालाही कळलं नव्हतं.

कार्यालयातल्या मुलीनं लेखी अर्ज करायला सांगितलं. माझा आवाज चढला, बाईंचा नाही. त्यांनी खाली बसून सरळ रेषेत अर्ज लिहिला, सही केली, पोच घेतली. त्या अर्जाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

निघताना बाई दालनाच्या दाराशी थांबल्या. तिथं निळ्या गणवेशातली एक पहारेकरीण होती, चाळिशीची, एक हात भिंतीला टेकवलेला, टाचा सुजलेल्या.

“कवापासनं हाईस गं?”

“नऊपासून, मावशी.”

“आनि खुर्ची?”

“बसायची परवानगी नाही. कॅमेरा आहे.”

बाईंचा चेहरा बदलला. स्वतःच्या वह्यांसाठी जो आवाज त्यांनी लावला नव्हता, तो आता लागला. त्या तशाच कार्यालयात परत गेल्या. आतून मला ऐकू येत होतं, “बायकांच्या उभारण्याचं परदर्शन मांडलंय आनि दारात बाईचं पाय सुजवताय? लाजा वाटत न्हाईत?” कुणीतरी नियम सांगत होतं. मग फरशीवर करकर आवाज आला. पंच्याहत्तरीच्या बाई कार्यालयातली खुर्ची स्वतः ओढत आणत होत्या. मागं ती मुलगी “अहो आजी, अहो आजी” करत धावत होती. बघणारे बाजूला झाले.

बाईंनी खुर्ची भिंतीला लावली. पहारेकरणीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला खाली बसवलं. ती घाबरून कॅमेऱ्याकडं बघत होती, खुर्चीच्या कडेवर टेकलेली. बाई तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे आल्या.

“नीट बस,” त्या म्हणाल्या. “पाय लांब कर.”

तिनं केले.